भाग ३१ : ताम्रपट खारेपाटणचा, नोकरी म्युझियमची

(नेहमीप्रमाणे बोललेलंच उतरवून काढलंय. ‘म्हणजे’ आणि ‘हां’ थोडे कमी केलेत. घाटात रेंज जाते त्यांच्यासाठी.)



मागच्या भागानंतर एक व्हॉइस नोट आली. मुलगा तळेऱ्याचा. आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स केलंय, सध्या मोबाइल रिपेरिंगच्या दुकानात बसतो. त्याचा प्रश्न असा : “ताई, तू म्युझियमात कम्प्युटराचां काम करतस. म्हणजे नेमक्यां काय करतस? आणि माका ह्यां जमात काय?”

दोन ओळींत उत्तर देणार होते, पण हा प्रश्न माझ्या घरचेही गेली कित्येक वर्षं विचारतायत. तेव्हा आजचा भाग त्यावरच.

सुरुवात आपल्या गावापासून करूया. खारेपाटण म्हटलं की हायवेवरून जाणाऱ्याला काय आठवतं? रत्नागिरी संपली, सिंधुदुर्ग सुरू झाला. एक चहा, आणि पुढे कणकवली. पण हजार वर्षांपूर्वी विजयदुर्गाच्या खाडीतून गलबतं इथवर वर यायची. आणि याच गावाच्या नावाने इतिहासात एक ताम्रपट ओळखला जातो. शिलाहार राजा रट्टराजाचा, शके ९३०, म्हणजे इ. स. १००८. एका मंदिराला दिलेल्या दानाचा तो दस्तऐवज. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं त्या मंदिराला मिळावं, असं त्यात लिहिलंय. देवळाच्या सेवेला तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबं नेमून दिल्याचंही आहे. आज दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ आपल्याला माहीत आहे ती मुख्यतः या पत्र्यांमुळे.

मी इथल्याच शाळेत शिकले, पण ताम्रपटाबद्दल पहिल्यांदा वाचलं ते मुंबईच्या लोकलमध्ये उभं राहून, फोनवर, एका जुन्या पुस्तकाच्या स्कॅनमध्ये.

आता बघा, तो मजकूर माझ्या फोनपर्यंत पोचला कसा? १८४०च्या दशकात बाळशास्त्री जांभेकरांनी तो वाचून एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापला. हो, तेच ‘दर्पण’वाले, आपल्या शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. पुढे १८९४-९५च्या सुमारास कीलहॉर्न नावाच्या जर्मन पंडिताने ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये पुन्हा वाचला. मग १९७७ साली वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे सगळे लेख एका खंडात आणले. मिराशीही देवगड तालुक्यातलेच, कुवळ्याचे. मग कुणीतरी तो छापील खंड स्कॅनरवर पान-पान उलटत ठेवला, कुणीतरी फाइलला नाव दिलं, कुणीतरी ती सर्व्हरवर चढवली. जांभेकर आणि मिराशींचे पुतळे-बितळे होतात. स्कॅनरवाल्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. मी त्या स्कॅनरवाल्यांपैकी एक आहे.

तर काम काय असतं?

लोकांना वाटतं व्हीआर चष्मे, होलोग्राम, बोलणारे शिवाजी महाराज. तेही असतं, उद्घाटनाच्या दिवशी. सहा महिन्यांनी प्रोजेक्टरचा दिवा जातो, टचस्क्रीनवर ‘बंद आहे’ असा कागद चिकटतो, तेव्हा खरं काम सुरू होतं. म्युझियममधला तंत्रज्ञ म्हणजे तो कागद काढणारा माणूस.

पण त्याच्याही आत एक काम आहे, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. म्युझियममध्ये वस्तू आली की तिची नोंद ॲक्सेशन रजिस्टरमध्ये होते आणि तिला एक नंबर मिळतो. बऱ्याच ठिकाणी तो तीन तुकड्यांचा असतो : वर्ष, त्या वर्षातली कितवी खेप, आणि त्या खेपेतली कितवी वस्तू. २०२४.३.१२ असा. हा नंबर हरवला, की वस्तू कपाटात असूनही हरवलीच. कुठून आली, कुणी दिली, कुठल्या गावची, काहीच सांगता येत नाही. मग ती नुसती ‘जुनी पितळी वस्तू’.

हे रजिस्टर कम्प्युटरवर आणणं म्हणजे डिजिटायझेशन. भारत सरकारच्या म्युझियमांसाठी पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ नावाचं सॉफ्टवेअर बनवलंय. देशातल्या दहा मोठ्या संग्रहालयांच्या वस्तू त्यातून एका राष्ट्रीय पोर्टलवर आल्या. जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालयही त्यात आहे. फोनवर उघडून बघा, फुकट आहे.

आता या कामात आपल्यासारख्यांचा उपयोग कुठे, तर शब्दांत. समजा विळी आहे. मुंबईचा डेटा एंट्रीवाला लिहील ‘विळी’. दुसरा इंग्रजीत ‘कटर’ लिहून मोकळा. आपली आजी म्हणेल ‘आडाळो’. तिन्ही शब्द नोंदीत नसतील तर शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. सॉफ्टवेअर कितीही महाग असो, ‘आडाळो’ हा शब्द त्यात माणसानेच टाकावा लागतो. पिंगुळीत गंगावणे कुटुंबाने गुरांच्या गोठ्याचं म्युझियम केलंय, ठाकर आदिवासी कला आंगण. परशुराम गंगावण्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथल्या चित्रकथीच्या पोथीतलं एखादं पान म्हणजे कथेतला कुठला प्रसंग, हे तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय कुठला कॅमेरा सांगेल?

हां, कॅमेऱ्यावरून आठवलं. तळेऱ्याच्या आपल्या मित्रासाठी एक मस्त तंत्र सांगते. ताम्रपटाचा फोटो समोरून फ्लॅश मारून काढला तर अक्षरं दिसत नाहीत, नुसती चकाकी. प्रकाश बाजूने, अगदी पत्र्याला घासून जाईल असा टाकला, की खोदलेल्या अक्षरात सावली पडते आणि ओळ उठून येते. घरी एखाद्या जुन्या पितळी भांड्यावर नाव कोरलेलं असेल तर करून बघा, मोबाइलच्या टॉर्चने सुद्धा होतं.

याचीच पुढची पायरी म्हणजे आरटीआय. माहितीचा अधिकार नव्हे! रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग. एचपीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर यांनी २००१ साली मांडलेलं. कॅमेरा स्टँडवर एकाच जागी. वस्तू हलवायची नाही. शेजारी काळा चकचकीत गोळा ठेवायचा. मग दिवा वस्तूभोवती घुमटासारखा फिरवत चाळीस-पन्नास फोटो काढायचे. दिव्याचं अंतर सारखं राहावं म्हणून चक्क दोरी बांधतात. गोळ्यावरच्या चमकेवरून सॉफ्टवेअर ओळखतं की कुठल्या फोटोत दिवा कुठे होता. शेवटी स्क्रीनवर तुम्ही बोटाने प्रकाश फिरवू शकता, आणि झिजलेलं अक्षर वर येतं. सॉफ्टवेअर मोफत मिळतं. एलईडी लावलेला घुमट आणि त्याचं सर्किट मात्र बरेच लोक स्वतः बनवतात. म्हणजे सोल्डरिंग येणारा माणूस लागतो. कळलं मी कुणाबद्दल बोलतेय ते?

आणि एक, आपल्या हवेचं. खारी दमट हवा तांब्या-ब्राँझला वाईट. क्लोराइड धातूत शिरला की फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके येतात आणि धातू आतून खात जातात. म्हणून कपाटात सिलिका जेल ठेवायचं, आर्द्रता मोजणारा छोटा लॉगर ठेवायचा, त्याचे आकडे दर आठवड्याला बघायचे. हेही तंत्रज्ञाचंच काम. (घरात कुणाकडे जुना कोरीव पत्रा असेल तर कृपा करून चिंच किंवा पितांबरी लावून लख्ख करू नका. हिरवट थराबरोबर अक्षरांच्या कडाही जातात.)

आता नोकरीचं खरं-खोटं.

बहुतेक काम कंत्राटी असतं. प्रकल्पाला पैसे आले की सहा महिने, वर्ष. पैसे संपले की तुम्हीही संपलात. माझं पहिलं काम असंच होतं. म्युझियमचं नाव सांगत नाही. अकरा महिने आम्ही दोघांनी हजारो वस्तूंचे फोटो काढले. शेवटच्या दिवशी हार्ड डिस्क एका साहेबांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, सही घेतली, निघालो. दोन वर्षांनी तिथून फोन आला : फोटो उघडतायत, पण कुठला फोटो कुठल्या वस्तूचा ते कळत नाहीये. मी फाइलींना कॅमेऱ्याने दिलेलीच नावं ठेवली होती! नंबर आणि फोटो यांची जोडी एका एक्सेल शीटमध्ये होती, आणि ती शीट माझ्या जुन्या लॅपटॉपवर. लॅपटॉप पावसाळ्यात गेला होता.

त्यात साहेबांची चूक होती, माझीही होती. फाइलच्या नावातच ॲक्सेशन नंबर टाकायचा असतो, तीन प्रती दोन वेगवेगळ्या जातीच्या साधनांवर ठेवायच्या असतात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिथे सांगणारं कुणी नव्हतंच. मोठ्या आयटी कंपनीत तुमच्या शेजारी तेच काम करणारे पन्नास जण असतात. म्युझियममध्ये तुम्ही एकटे. क्युरेटरला इतिहास कळतो, शिपायाला कुलूपं कळतात, सर्व्हर तुमच्याशिवाय कुणालाच कळत नाही.

म्हणूनच या धंद्यात सोबती इमारतीबाहेर शोधावे लागतात. अमेरिकेत १९६७ साली, कम्प्युटर खोलीएवढे असताना, न्यूयॉर्कच्या काही म्युझियमांनी म्युझियम कम्प्युटर नेटवर्क सुरू केलं ते याच गरजेतून; एकेकट्याने करण्यापेक्षा नोंदींची पद्धत मिळून ठरवू म्हणून. म्युझियमांची जागतिक संघटना आयकॉम १९४६ची, तिच्यात कागदपत्रं-नोंदींवर काम करणारी सीडॉक नावाची वेगळी समिती आहे. विद्यार्थ्यांना आयकॉमचं सभासदत्व कमी फीमध्ये मिळतं. आपली म्युझियम्स असोसिएशन ऑफ इंडिया तर त्याहून जुनी, १९४४ची. या संस्थांची नावं सीव्हीवर बरी दिसतात, पण मला त्यांच्यातून मिळालं ते वेगळंच. एका कार्यशाळेत चहाच्या वेळी शेजारच्या बाईंनी त्यांची फसलेली हार्ड डिस्कची गोष्ट सांगितली, आणि मी माझी. त्यांनी मला त्यांचा हस्तांतराचा कागद पाठवला : प्रकल्प संपताना कुठली फाइल कुठे आहे, पासवर्ड कुणाकडे, नावं कशी दिलीयत, दोन पानांत. तेव्हापासून मी काम घेतानाच सांगते की शेवटचे पंधरा दिवस फक्त हस्तांतराला हवेत. अर्धे लोक नाही म्हणतात. कधीकधी मी काम सोडते, कधीकधी भाडं भरायचं असतं म्हणून घेते.

पगार किती घ्यायचा, हेही तिथेच कळलं. फोटोमागे पैसे घेऊ नका, असं पहिल्यांदा तिथेच कुणीतरी सांगितलं. फोटोमागे पैसे घेतले की माणूस घाई करतो आणि वस्तू हातातून पडते.

रस्ते कुठले? पदवी झाली असेल आणि संग्रहात रस असेल तर म्युझिऑलॉजी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५२ पासून आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा म्युझिऑलॉजी आणि कला-संवर्धनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्याच संग्रहालयाची २०१५ पासून चालणारी म्युझियमची बसही आहे, गावोगाव फिरते. तुमच्या शाळेत आली तर वस्तू बघून झाल्यावर आतली वायरिंग आणि लायटिंग पण बघा!

आयटीआय किंवा डिप्लोमावाल्यांसाठी सरळ दार म्हणजे विज्ञान केंद्रं. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेची मुंबईत नेहरू विज्ञान केंद्र, नागपुरात रमण विज्ञान केंद्र, आणि आपल्याला जवळचं पणजीचं गोवा विज्ञान केंद्र. तिथे टेक्निशियनच्या जागा निघतात, दहावी आणि संबंधित ट्रेडच्या आयटीआयवर. डिप्लोमावाल्यांना टेक्निकल असिस्टंट. या कायम नोकऱ्या आहेत, म्हणून कमी निघतात आणि अर्ज भरपूर येतात. जाहिरात त्या-त्या केंद्राच्या वेबसाइटवर येते, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘भरती’च्या इमेजवर विश्वास ठेवू नका.

तर तळेऱ्याच्या भावा, तुला जमात काय? हात तुझे तयार आहेत. फुटलेली स्क्रीन बदलणाऱ्याला प्रदर्शनातला किऑस्क अवघड नाही. एक सवय नवी लावावी लागेल. दुकानात मोबाइल दुरुस्त झाला की गिऱ्हाईक घेऊन जातं, विषय संपला. इथे काय बदललं, कधी, कुठला पार्ट, का, हे लिहून ठेवावं लागतं. तू नसताना दुसरा कुणी ते उघडणार आहे. दुकान मात्र लगेच सोडू नको. शनिवार-रविवार गाठून आधी रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यातलं सरकारी संग्रहालय बघ, मग पणजीला जा. वस्तू बघून झाल्या की तिथल्या माणसाला विचार, “हे बंद पडलं तर कोण दुरुस्त करतं?” उत्तर काय मिळतं ते मला व्हॉइस नोटवर सांग.

आणि बाकीच्यांनो, घरी नाव कोरलेलं भांडं असेल तर बाजूने टॉर्च धरून फोटो पाठवा. फाइलच्या नावात गाव, वस्तू आणि आजी त्याला काय म्हणते तो शब्द टाका. ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडे अशी आली तर मी उघडणार नाही.

भेटूया पुढच्या शुक्रवारी.