कंबरदुखी आणि मेडिकलमधली गोळी

बायांनो, खुरपणीत कंबर धरली की आपण चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून गोळी आणतो. तिच्यात ट्रॅमाडॉल असेल, तर ते अफूच्या जातीचं औषध. दुखणं दबतं, पण गुंगी येते, सवय लागते, पोट साफ होत नाही. कुंथलं की कंबर पुन्हा दुखतेच!

जुन्या कंबरदुखीत अंथरूण धरलं तर कंबर आणखी आखडते. रोज थोडं चाला. उताणं झोपून एकेक गुडघा पोटाशी घ्या, सावकाश सोडा. हंडा गुडघ्यात वाकून, अंगाशी धरून उचला. खुरपताना अर्ध्या तासाने उभ्या राहा, मुकादम ओरडला तरी. रात्री शेका.

गोळी बरेच दिवस चालू असेल तर एकदम सोडू नका. डॉक्टरांना विचारून कमी करा. पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.