‘पान लागणे’, सर्पदंश आणि सर्पविषबाधा

कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत शेतकऱ्याचा सापाशी नित्य संबंध येतो. ग्रामीण महाराष्ट्राच्या बोलीत सापाचे नाव उच्चारणे टाळतात व ‘साप चावला’ याऐवजी ‘पान लागले’ असे म्हणतात. भाषाभ्यासकास हा संकेत परिचित आहे. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने या एका शब्दप्रयोगात दोन भिन्न अर्थ एकवटले आहेत.

दातांनी झालेली जखम म्हणजे सर्पदंश. शरीरात शिरलेल्या विषाने घडणारा विकार म्हणजे सर्पविषबाधा. हा भेद नवा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात दंशाचे सर्पित, रदित व निर्विष असे प्रकार सांगितले आहेत. विषारी सापाच्या प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही, ही गोष्ट आजच्या वैद्यकासही मान्य आहे.

मण्यारीच्या बाबतीत प्रकार उलट असतो. जमिनीवर निजलेल्या माणसास ती रात्री चावते; वेदना अल्प असते व पुष्कळदा खूणही दिसत नाही. पुढे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, श्वास मंदावतो. रुग्णास ‘पान लागले काय?’ असे विचारल्यास तो प्रामाणिकपणे नकार देईल. म्हणून सर्पविषबाधेच्या व्याख्येत दृश्य जखम हे आवश्यक लक्षण मानता येत नाही.

विषाच्या नामकरणातही अशीच दक्षता हवी. घोणस व फुरसे यांचे विष मुख्यत्वे रक्त गोठण्याची क्रिया बिघडविते, म्हणून त्यास ‘रक्तविष’ म्हणणे सयुक्तिक होय. नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश रोखते. त्यास ‘स्नायुविष’ म्हणावे काय? सुश्रुताच्या गणनेत 500 पेशींहून 900 स्नायू वेगळे आहेत. तेथे स्नायू म्हणजे बंधन. मराठीत तो आकुंचन पावणारा मांसल अवयव, तर बंगालीत संवेदनावाहक तंतू. इतका अर्थभेद असता ‘मज्जातंतुविष’ हीच संज्ञा निःसंदिग्ध ठरते. त्यातील ‘मज्जा’ अस्थिमज्जेचे स्मरण करून देते खरे. तथापि रूढीने मराठीत तिचा अर्थ निश्चित झाला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत समावेश केला तो सर्पविषबाधेचा, केवळ दंशाचा नव्हे. परिभाषाकोशाने हा भेद राखावा. मात्र ‘पान लागणे’ या शब्दासही त्यात स्थान द्यावे. कारण उपचाराचा आरंभ रुग्णाच्या बोलीतच होतो.