चुंबकीय टोपोलॉजिकल विद्युतरोधकांच्या पातळ पटलांतील स्फटिकदोष व त्यांचा प्रकाशीय अभ्यास

प्रस्तावना

वाहक, अर्धवाहक व विद्युतरोधक हे पदार्थांचे वर्गीकरण आपण पदवी स्तरावर शिकवतो. टोपोलॉजिकल विद्युतरोधक त्यात नेमका बसत नाही. तो अंतर्भागात विद्युतरोधक, तर पृष्ठभागावर वाहक असतो. बिस्मथ टेल्युराइड हे त्याचे परिचित उदाहरण होय. अशा पदार्थाच्या पातळ पटलात चुंबकत्व निर्माण केल्यास विद्युतप्रवाह केवळ कडेने, एकाच दिशेने व ऊर्जाऱ्हासाविना वाहू शकतो. यास क्वांटम असंगत हॉल परिणाम म्हणतात. या परिणामाला बाधक ठरणारे स्फटिकदोष प्रकाशाच्या साहाय्याने कसे ओळखता येतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोषांचे स्वरूप

इ.स. २०१३ मध्ये बीजिंग येथील संशोधकांनी सुमारे ५ नॅनोमीटर जाडीच्या क्रोमियममिश्रित पटलात हा परिणाम प्रथम मोजला. पटलाचे लोहचुंबकत्व सुमारे १५ केल्विनपर्यंत टिकत होते. परिणाम मात्र ०.०३ केल्विनला पूर्णत्वास गेला. या पाचशेपट तफावतीचे एक प्रमुख कारण म्हणजे दोष. क्रोमियमचे अणू यदृच्छेने विखुरल्याने चुंबकत्व ठिकठिकाणी कमी-अधिक होते. बिस्मथ व टेल्युरियम यांच्या अणूंनी परस्परांच्या जागा घेतल्यास अंतर्भागात अनावश्यक विद्युतभारवाहक येतात. ज्यात मँगनीज हा स्फटिकरचनेचाच घटक आहे, त्या मँगनीज बिस्मथ टेल्युराइडच्या पाच थरांत २०२० मध्ये हा परिणाम १.४ केल्विनला आढळला. परंतु तेथेही मँगनीज व बिस्मथ यांची अदलाबदल होते. सारांश, चुंबकत्व देणारा अणूच अव्यवस्थेचाही उगम ठरतो.

प्रकाशीय पद्धती

१) रामन वर्णपट : १९२८ मध्ये कोलकाता येथे शोधलेल्या रामन परिणामामुळे स्फटिकजालाची कंपने मोजता येतात. बिस्मथ टेल्युराइडच्या रेषा सुमारे ६२, १०२ व १३४ प्रतिसेंटिमीटर या तरंगांकांवर आढळतात. अव्यवस्था वाढल्यास रेषा रुंदावतात. १२० व १४० च्या आसपास नव्या रेषा दिसल्यास टेल्युरियम विलग झाल्याची शंका घ्यावी. लेसरची शक्ती अधिक असल्यास पटल तापून मापनामुळेच दोष उद्भवू शकतात, ही दक्षता महत्त्वाची आहे.

२) केर परिणाम : चुंबकित पृष्ठभागावरून परावर्तित प्रकाशाचे ध्रुवीकरण किंचित फिरते. त्यावरून पटलाच्या विविध भागांतील चुंबकत्वाचा नकाशा मिळतो.

३) टेराहर्ट्झ वर्णपट : मुक्त भारवाहक या वारंवारतेचे प्रारण शोषतात. त्यामुळे पटलाला विद्युतजोडणी न करताही त्यांचा अंदाज घेता येतो.

मर्यादा व निष्कर्ष

दृश्य लेसरचा केंद्रित ठिपका सुमारे एक मायक्रोमीटर रुंद असतो व त्याखाली लक्षावधी अणू येतात. म्हणून प्रकाश दोषांचे सरासरी चित्र देतो. एकेक दोष पाहण्यासाठी क्रमवीक्षण सुरंगन सूक्ष्मदर्शकच लागतो. तथापि प्रकाशीय पद्धती नमुन्यास स्पर्श करीत नाहीत व शीघ्र असतात. अशी पटले वाढविण्याची यंत्रणा धाराशिवसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयास परवडणारी नाही. परंतु रामन वर्णपटाच्या वाचनास लागणारे भौतिकशास्त्र आपल्या अभ्यासक्रमात आहे. प्रकाशित वर्णपटांच्या विश्लेषणापासून विद्यार्थ्यांचे प्रकल्प सुरू करता येतील.