आकडा बरोबर, मूल मात्र बिघडलेले

बडोद्यातील बालरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या अनेक मुलांचे वडील कारखान्यांत शिफ्टवर असतात. त्यामुळे यंत्रांच्या गोष्टी आमच्या कानांवर पडतच असतात. आमचे शेजारी रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते. त्यांनी एकदा विचारले, "डॉक्टर, मापे सारी ठीक आणि रोगी बिघडलेला, असे तुमच्याकडे होते का हो?"

मग त्यांनी रिअ‍ॅक्टरचे उदाहरण दिले. पात्रात उष्णता निर्माण करणारी क्रिया चालते आणि भोवतीच्या जॅकेटमधून थंड पाणी फिरते. जॅकेटमध्ये क्षार साचले की उष्णता नीट बाहेर पडत नाही. तरीही तापमान ढळत नाही, कारण नियंत्रक मुकाट्याने पाण्याचा व्हॉल्व्ह अधिकाधिक उघडत जातो. नियंत्रणच दोषावर पांघरूण घालते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की उपाय संपतो. तापमान वाढेल तशी बाहेर जाणारी उष्णता सरळ रेषेत वाढते; आत निर्माण होणारी मात्र घातांकी गतीने. अशा अरेषीय यंत्रणेत बराच काळ काही दिसत नाही आणि मग सारे एकदम कोसळते.

म्हणून जाणता अभियंता व्हॉल्व्ह किती उघडला आहे तेही पाहतो. निरोगी यंत्रणेच्या गणिती प्रतिकृतीवरून तो किती उघडायला हवा होता हे काढतो. दोहोंतील तफावत ही दोषाची पहिली चाहूल. कोणकोणत्या मापांत तफावत आहे यावरून निदान होते: जॅकेट, पंप, की मापकच खोटा.

ऐकता ऐकता मला निवासी डॉक्टर असतानाची एक रात्र आठवली. जुलाब-उलट्यांनी सुकलेले दीड वर्षाचे मूल होते. रक्तदाब वयाच्या मानाने ठीक होता, म्हणून मी निर्धास्तपणे पुढच्या खाटेकडे वळलो. नाडी मिनिटाला 180 होती, तळपाय गार होते. ते मी ताप आणि रडणे यांच्या खात्यावर टाकले. हृदयाचे वेगाने धावणे आणि रक्तवाहिन्यांचे आकसणे म्हणजे उघडत चाललेला व्हॉल्व्हच होता, हे मला कळले नाही. थोड्या वेळाने सिस्टर म्हणाल्या, "सर, संध्याकाळपासून जुलाब किती झाले, पोटात किती गेले, ते एकदा पाहा. लघवी तर झालेलीच नाही." सलाइन वेगाने सुरू केले. मूल वाचले, ते त्यांच्या वहीमुळे.

23 मार्च 2005 रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या रिफायनरीत अशी वही कुणी पाहिली नाही. एका मनोऱ्यात तीन तासांहून अधिक काळ द्रव भरला जात होता आणि बाहेर काहीच सोडले जात नव्हते. पातळीमापक मात्र पातळी उतरत असल्याचे दाखवीत राहिला. आवक आणि जावक एकाच पडद्यावर दिसत नव्हती. मनोरा भरून वाहिला, स्फोट झाला आणि 15 माणसे प्राणास मुकली.

आज वॉर्डात मॉनिटर आहेत, आकडे लखलखतात. तरुण सहकाऱ्यांना मी एवढेच सांगतो: रक्तदाब चांगला दिसला, तर तो राखण्यासाठी हे इवलेसे शरीर काय किंमत मोजते आहे ते विचारा. नाडी मोजा, तळपायाला हात लावा, आवक-जावकीची वही उघडा. आणि सिस्टर काही सांगत असतील, तर थांबून ऐका.