पाना कुठे थांबवायचा?

खंडेनवमीला गॅरेजात पाने, पक्कड, हातोडी पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात. दसरा सरला की त्यातलाच एखादा पाना कुणाच्या तरी जुन्या आरएक्स-100च्या क्रँककेसचे आटे घेऊन जातो. मिस्त्रीला दोष देणं सोपं आहे. पण ‘जुनी गाडी आहे, जरा दाबून आवळ’ असं बजावणारा बहुधा गाडीचा मालकच असतो. सैल बोल्ट निदान खडखडतो, तेल गाळतो, म्हणजे तक्रार तरी करतो. अति आवळलेला बोल्ट मुकाट्याने आटे खातो आणि ते कळतं पुढच्या वेळी इंजिन खोललं की.

ताणलेली स्प्रिंग

बोल्ट दोन भाग धरून ठेवतो तो स्वतः ताणला जाऊन. आवळताना तो केसभर लांबतो आणि परत आखडायला बघतो. त्या ओढीने हेड, पॅकिंग आणि सिलिंडर एकमेकांवर दाबले जातात. ताण कमी पडला तर सांधा हलतो. ताण मर्यादेबाहेर गेला तर बोल्ट कायमचा लांबतो आणि त्याची ओढ संपते.

ही ओढ किती मोठी असते याचा अंदाज सहसा नसतो. ‘10च्या पान्याचा’ बोल्ट घ्या. 10 मिलिमीटर हे त्याच्या डोक्याचं माप. आट्यांचा व्यास 6 मिलिमीटरच असतो. 8.8 असा ताकदीचा शिक्का असलेला हा बोल्ट 10 न्यूटन-मीटरला आवळला की तो साधारण 800 किलोच्या ओढीने सांधा दाबतो. त्यासाठी हाताने 10 सेंटीमीटरवर जेमतेम 10 किलोचा जोर लावावा लागतो. तेच काम 25 सेंटीमीटरच्या रॅचेट हँडलने केलं तर 4 किलो पुरतात. छोट्या बोल्टाला लांब हँडल लावलं की घात होतो तो असा.

त्यातही हाताचा सगळा जोर ताणात जात नाही. ढोबळमानाने निम्मा जोर बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे 40 टक्के आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणायला उरतात ते दहाएक टक्के. जुन्या इंजिनाची खरी अडचण इथे आहे. आटे गंजलेले असले तर जोर मोजणारा टॉर्क पाना ठरल्या आकड्यावर ‘टक्’ करतो, पण सांधा सैलच राहतो. आट्यांना तेल लागलेलं असलं तर त्याच आकड्यावर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा स्वच्छ, धड आट्यांसाठी असतो आणि वेगळी सूचना नसेल तर सहसा कोरड्या. म्हणून आधी वायर ब्रश, मग पाना.

सूत आणि मिलिमीटर

येझदी आणि आरएक्स-100 मिलिमीटरच्या मापाच्या. कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट मात्र इंग्लंडमधल्या रेडिचच्या आराखड्यावर मद्रासला बनू लागली 1955 साली, आणि तिच्यात ब्रिटिश आटे आले. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात ते अजून सुतात मागतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुती बोल्ट भरतो 7.94 मिलिमीटर, म्हणजे 8 मिलिमीटरच्या बोल्टाचा जुळा भाऊच वाटावा असा. पण ब्रिटिश बारीक आट्यांत इंचाला 22 आटे, तर 8 मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टात साधारण 20. शिवाय ब्रिटिश आट्यांचा कोन 55 अंशांचा, मेट्रिकचा 60. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे बिनबोभाट जातो आणि मग अडतो. तिथे पान्याने रेटला की आतले आटे गेलेच. बोल्ट बोटांनी किमान पाच-सहा फेरे गेला नाही, तर पाना हातात घ्यायचाच नाही.

हेडचे चार नट

आरएक्स-100चं हेड बसवताना घाई चालत नाही. इंजिन पूर्ण थंड हवं, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि गरम हेड स्टडना आधीच ताणत असतं. वॉशर सपाट बसवून चारही नट बोटांनी टेकवायचे. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने, तीन फेऱ्यांत. समजा मॅन्युअलने 22 न्यूटन-मीटर सांगितलंय, तर पहिली फेरी 10ला, दुसरी 16ला आणि शेवटची 22ला. एकच कोपरा आधी पुरता आवळला की हेड तिरकं बसतं आणि समोरच्या बाजूने फुंकर मारतं. नवं पॅकिंग पहिल्या गरमीत थोडं दबतं. म्हणून गाडी फिरवून आणायची, रात्रभर थंड होऊ द्यायची आणि एका वेळी एकच नट किंचित सैल करून पुन्हा आकड्यावर आणायचा. हेड खोलतानाही तसंच, आळीपाळीने थोडं थोडं सैल करायचं.

आकडा वाचताना एकक बघा. जुन्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर किंवा फूट-पाउंड असतात. 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे 9.8 न्यूटन-मीटर, म्हणजेच 7.2 फूट-पाउंड. 10 न्यूटन-मीटरच्या जागी 10 फूट-पाउंड लावले, तर जोर 36 टक्के जास्त पडतो.

गळतीचं दुष्टचक्र

क्लचच्या बाजूचं कव्हर गळायला लागलं की सगळ्यांचा हात आधी स्क्रूकडे जातो. आवळल्यावर पातळ कव्हर स्क्रूंपाशी दबतं आणि मधे फुगतं, गळती वाढते, पुन्हा आवळलं जातं. उपाय स्क्रूत नसतो. कव्हर काचेवर ठेवून सपाटी तपासावी, जुनं पॅकिंग खरवडून काढावं, नवं घालावं. जपानी गाड्यांचे ते स्टार स्क्रू जेआयएस या जपानी मानकाच्या मापाचे असतात. साध्या फिलिप्स टोकाने ते घसरतात आणि खाच गोल होते. अडून बसले असतील तर इम्पॅक्ट ड्रायव्हर.

स्पार्क प्लगचंही तसंच. 14 मिलिमीटरचा नवा प्लग हाताने टेकला की पुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे. त्याचा वॉशर तेवढ्यात चेपून बसतो. वापरलेल्या प्लगचा वॉशर आधीच चेपलेला असतो, म्हणून त्याला फेऱ्याचा आठवा-दहावा भाग बास होतो.

शोभेचे बोल्ट

गाडी नव्यासारखी करताना चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट घालायची हौस असते. नेहमीचा स्टेनलेस बोल्ट 8.8च्या पोलादापेक्षा कमी ताण सोसतो, त्यामुळे त्याला आकडाही कमी लावावा लागतो. ॲल्युमिनियममधे तो ओलाव्याने धरून बसतो, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. आट्यांना अँटी-सीझ लावावं, मात्र ते वंगण आहे हे लक्षात ठेवून जोर आणखी कमी करावा. आरपार नसलेल्या भोकात तेल साचलं असेल तर आधी फडक्याने टिपून घ्यावं. बोल्ट पिस्टनसारखा खाली येतो, तेलाला वाट मिळत नाही आणि क्रँककेस तडकू शकते.

टॉर्क पाना नसला तरी हात एक गोष्ट नक्की ओळखतो. बोल्ट टेकल्यावर दर अंशाला जोर वाढत जायला हवा. पाना फिरतोय पण जोर वाढत नाही असं जाणवलं, तर बोल्ट किंवा आटे ताणले जात आहेत. ‘अजून एक पाव फेरा’ तिथे द्यायचा नाही. बोल्ट बाहेर काढून बघायचा. आट्यांत ॲल्युमिनियमचा चकाकता कीस अडकलेला दिसला तर भोक मोठं करून हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून घ्यायचे. बाहेर उजेडात केलेलं ते अर्ध्या तासाचं काम असतं. बोल्ट आत तुटला की तेच काम ड्रिल घेऊन, सगळं इंजिन उतरवून करावं लागतं.