शेततळ्याचा नकाशा : तोंड ओढले, पण तळ सरकला का?

शेततळे खोदायचे म्हटले की आपले लक्ष जागेवर, पोकलेनच्या भाड्यावर आणि अनुदानाच्या फाईलवर. नकाशा पाहतो कोण? तो कागद साहेबांचा, असे आपण धरून चालतो. पण खोदकाम त्याच कागदावरून होते आणि बिलही त्याच मापाने निघते. म्हणून तो कागद कसा तयार होतो, हे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शेतकरी अशा सर्वांनी समजून घ्यावे.

हल्ली बहुतेक नकाशे संगणकावर निघतात. त्यासाठीचा ऑटोकॅड हा प्रोग्राम १९८२ साली आला. त्यात 'ब्लॉक' नावाची सोय आहे. दार, खिडकी, पाइप एकदा काढून ठेवायचे आणि लागेल तिथे उमटवायचे, अगदी ग्रामपंचायतीच्या रबरी शिक्क्यासारखे. अडचण एवढीच, की शिक्का एकाच मापाचा. तो ताणून मोठा केला तर दाराच्या रुंदीबरोबर चौकटीची जाडीही फुगायची. मग प्रत्येक मापाचा वेगळा ब्लॉक करा!

मापे बदलणारा शिक्का

२००५ साली निघालेल्या 'ऑटोकॅड २००६'मध्ये 'डायनॅमिक ब्लॉक' आला. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राचा सांगाडा तोच राहतो, फण सरकवून दोन ओळींतले अंतर बदलता येते ना? तसेच हे. एक मूळ चित्र काढून ठेवणे आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती उमटवणे ही कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेत इव्हान सदरलँड यांनी १९६३ सालीच 'स्केचपॅड'मध्ये ती करून दाखवली होती.

असा ब्लॉक करताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. कोणते माप बदलायचे, ते बदलल्यावर कोणत्या रेषांनी सरकायचे आणि कोणती मापे चालतील. २०१६ साली राज्यात सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत १५ × १५ × ३ मीटरपासून ३० × ३० × ३ मीटरपर्यंत ठरावीक मापे होती. अशी यादी ब्लॉकमध्येच भरून ठेवता येते. यादीतले माप निवडले की नकाशा तयार. मधलेच भलते माप कोणी घालू शकत नाही. वेळ वाचतो आणि आकडे खोडून वर नवे लिहिण्याची पाळी येत नाही.

घोळ इथे होतो

समजा तोंड ३० × ३० मीटर, तळ २४ × २४ आणि खोली ३ मीटर आहे. म्हणजे एक मीटर खोलीला काठ एक मीटर आत येतो. आता कोणी तोंड ओढून २५ मीटर केले, पण तळाच्या रेषा सोबत सरकायला बांधलेल्याच नाहीत. तळ राहिला २४. मग ३ मीटर खोलीत काठ फक्त अर्धा मीटर आत येतो. बाप्पा, ही तर उभी भिंतच झाली! काळ्या मातीत अशी भिंत पहिल्या मोठ्या पावसात ढासळून तळ्यात बसायची. वरून पाहिले तर नकाशा कसा सुबक दिसतो!

दुसरी गोष्ट पाण्याची. तोंड आणि तळाच्या क्षेत्रफळांत मध्यावरच्या क्षेत्रफळाची चौपट मिळवा, ६ ने भागा आणि खोलीने गुणा, म्हणजे घनफळ निघते. वरच्या ३० मीटरच्या तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. उतार दीडपट केला तर तळ २१ × २१ होतो आणि पाणी १,९७१ घनमीटर. तोंड तेच, पण सव्वादोन लाख लिटर कमी! खोदाईही तेवढीच कमी. नकाशा बदलला म्हणून वेगळ्या कागदावरचे अंदाजपत्रक आपोआप बदलत नाही, हे ध्यानात असू द्या.

पुसदचा शिवारही सगळीकडे सारखा नाही. पूस नदीच्या काठाला काळी जमीन, डोंगराकडे सरकले की मुरूम. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून तिथे उतार पसरट लागतो. मुरमाड गावचा नकाशा काळ्या रानात जसाच्या तसा चालवू नये.

तीन प्रश्न विचारा

फक्की मारण्याआधी तोंड, तळ आणि खोली ही तिन्ही मापे कागदावर आहेत का ते बघा. तोंडातून तळ वजा करा, निम्मे करा आणि खोलीने भागा. उत्तर एकापेक्षा कमी आले तर काम थांबवून विचारा. दुसरे, हा उतार कोणत्या मातीसाठी धरला? तिसरे, अंदाजपत्रकातले घनफळ नकाशाशी जुळते का?

नकाशे काढणाऱ्या तरुण मंडळींनाही एक सांगणे. मूळ ब्लॉक सुधारला तर त्याच फाईलमधल्या प्रती सुधारतात, आधी छापून गावोगाव गेलेले कागद सुधारत नाहीत. तेव्हा ब्लॉक एकदाच करा, पण सगळी मापे घालून तपासून करा. नकाशातली चूक रबराने पुसता येते, शेतात खोदलेला खड्डा पुसता येत नाही.