खुर्चीपेक्षा टिपण जड

युरोची गोष्ट निघाली की जर्मनीचे कोल, फ्रान्सचे मितराँ, युरोपीय आयोगाचे देलोर ही नावं हटकून येतात. तोम्मासो पादोआ-स्कियोप्पा हे नाव मात्र सहसा कुणी घेत नाही. त्यांच्या कारकिर्दीकडे पाहिलं की वाटतं, अर्थतज्ज्ञाचं खरं वजन खुर्चीपेक्षा टिपणात असतं.

जन्म १९४०, उत्तर इटलीतल्या बेल्लुनोचा. मिलानचं बोक्कोनी विद्यापीठ, मग इटलीची मध्यवर्ती बँक, एमआयटी, आणि १९७९ ते १९८३ ब्रुसेल्सला युरोपीय आयोगाच्या अर्थविषयक खात्याचे महासंचालक. ऐंशीच्या दशकात त्यांनी एक साधी गोष्ट ठासून मांडली. मुक्त व्यापार, भांडवलाची मुक्त ये-जा, स्थिर विनिमय दर आणि प्रत्येक देशाचं स्वतंत्र पतधोरण या चार गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. एकीवर पाणी सोडावंच लागतं. युरोपला पहिल्या तीन हव्या होत्या. मग उरला मार्ग एकच: एक चलन, एक मध्यवर्ती बँक.

१९९२ साली याचा पडताळा आला. जर्मनीच्या एकीकरणानंतर महागाई आवरायला तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, बुंडेसबँकेनं, जुलैत आपला बँक दर ८.७५ टक्क्यांवर नेला. मार्कला बांधलेल्या चलनांना तो दर झेपेना. सप्टेंबरमध्ये ब्रिटननं एकाच दिवशी व्याजदर १० वरून १२ टक्के केला, १५ करण्याची घोषणाही केली, आणि त्याच संध्याकाळी पौंड स्थिर विनिमय दरांच्या युरोपीय व्यवस्थेबाहेर पडला. पाठोपाठ लिराही. तोवर एका चलनाचा आराखडा मात्र तयार होता. तो मांडणाऱ्या १९८९च्या देलोर समितीच्या अहवालाचं लेखन ज्या दोन सचिवांकडे होतं, त्यांतले एक पादोआ-स्कियोप्पाच.

पुढे १९९८ ते २००५ ते युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या कार्यकारी मंडळावर होते. २००६ साली इटलीत पंतप्रधान प्रोदींच्या सरकारात अर्थमंत्री झाले आणि तिथं हा मुरलेला अधिकारी फसला. कर ही फार सुंदर गोष्ट आहे, असं २००७ साली जाहीरपणे बोलून बसले! इटलीत हे बोलायला धाडस लागतं. मतं मात्र त्यानं मिळत नाहीत. २००८ साली सरकार पडलं.

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं काम लंडनमधलं १९९९चं व्याख्यान. युरो जेमतेम दोन महिन्यांचा असताना त्यांनी दाखवून दिलं, की चलन सगळ्यांचं एक आणि बँकांवरची देखरेख मात्र ज्या त्या देशाकडे, अशी फारकत जगात दुसरीकडे कुठं नाही. संकट आल्यास देखरेख करणाऱ्यांनी एकत्र, जणू एकच संस्था असल्यासारखं वागावं लागेल, हा त्यांचा आग्रह होता. तेव्हा तो फारसा कुणी मनावर घेतला नाही. पुढे आयर्लंड आणि स्पेनच्या बँका बुडू लागल्या, तेव्हा प्रत्येक सरकारला आपापल्या खिशातून त्या सावराव्या लागल्या आणि बँकांचं कर्ज देशाच्या डोक्यावर बसलं.

१८ डिसेंबर २०१० रोजी रोममध्ये त्यांचं निधन झालं. युरोक्षेत्रातल्या मोठ्या बँकांची देखरेख युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे आली ती नोव्हेंबर २०१४मध्ये. सामायिक ठेवविम्याचा आयोगानं २०१५ साली मांडलेला प्रस्ताव त्यानंतर अनेक वर्षं कागदावरच राहिला.